सतरा नंबरची गाडी

ट्रान्सपोर्टच्या रजिस्टरमध्ये सतरा नंबरच्या टेम्पोपुढे मी मेकॅनिक म्हणून सकाळीच ‘ब्रेक तपासले’ अशी खूण करून सही ठोकली होती. चाक खोललंसुद्धा नव्हतं. ब्रेकचे लायनर झिजलेत हे मालकांना दोनदा सांगून झालं होतं. “दोन दिवस गाडी उभी ठेवू? दिवाळीनंतर बघू,” म्हणत त्यांनीच पेन हातात दिलं.

आणि आज मुजावर ड्रायव्हर तीच गाडी भरून आंबा घाट उतरणार होता. “तुम्ही बघितलीय ना भाऊ? मग मी कशाला बघू,” म्हणाला आणि चहाला गेला.

खरं बोलावं तर खोटी सही माझी, नोकरीही माझीच जाणार. मी टोच्या उचलला आणि पुढच्या टायरच्या कडेत खुपसला. पंक्चर गाडीला मालकही काही बोलू शकत नाहीत. उशीर झाला की माल दुसऱ्या गाडीत जाईल, एवढंच डोक्यात होतं.

मुजावर परत आला, बसलेला टायर बघितला आणि बाह्या सरसावून जॅक लावला. चाक निघालं. झिजलेले लायनर माझ्यासमोर, फक्त ड्रमच्या आड होते. तेव्हाही मी नुसता पाना त्याच्या हातात दिला.

वीस मिनिटांत टेम्पो चार चाकांवर उभा होता. “स्टेपनीत हवा एकदम बरोबर आहे भाऊ,” तो इंजिन चालू करत म्हणाला. “तुमचं काम म्हणजे बघायला नको.”

स्टेपनी मी खरोखरच तपासली होती. रजिस्टरच्या त्या पानावरची तेवढी एकच खूण खरी होती.