पडताळणी

देशोदेशीची माणसं हौसेने मिळून एक सुरक्षित, मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बनवत होती. तिच्या माहितीपुस्तिकेत कुणी बदल सुचवला, की तो तपासायचं काम हेमांगीकडे असे. आज एका अनोळखी बाईने नवा परिच्छेद पाठवला होता: आपल्या माघारी लॅपटॉप कुणी उघडला का, ते कसं ओळखावं.

करून पाहिल्याशिवाय हेमांगी काहीच मंजूर करत नसे. तिने ती कृती स्वतःच्या लॅपटॉपवर केली. पडद्यावर गेल्या रविवारी लॅपटॉप उघडल्याची नोंद आली. त्या दिवशी ती मिरजेला आईपाशी होती. लॅपटॉप घरीच होता आणि पासवर्ड तिने कुणालाही सांगितला नव्हता.

मग तिला आठवलं. सोमवारी जेवताना नवऱ्याने विचारलं होतं, "नाशिकला नोकरी बघतेयस का?" ते तर तिने फक्त बहिणीला मेलवर कळवलं होतं. बहिणीनेच सांगितलं असेल, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

"श्रीरंग, माझा लॅपटॉप उघडला होतास?"

"छे गं! मला काय कळतंय त्यातलं?" पेपरातून मान वर न करता तो म्हणाला.

हेमांगी पुन्हा लॅपटॉपकडे वळली. मग तिने बदल मंजूर केला आणि त्या बाईला लिहिलं, "माझ्या लॅपटॉपवर करून पाहिलं. खरं निघालं."