तेजलच्या हाताचं माप

"हा माझा हात नाहीये," तेजल म्हणाली.

तिने मार्कर पुन्हा मुठीत धरला. सोडला. पुन्हा धरला. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्या गाळ्यात रविवारचं एकच मशीन चालू होतं. कृणालने तेही बंद केलं.

पेंटबॉल खेळणाऱ्या मुली मार्करला बंदूक म्हणू देत नाहीत. रंगाची गोळी सोडतो, एवढंच त्याचं काम. तेजलच्या मार्करचं मॉडेल कंपनीने कधीच बंद केलं होतं. आतले भाग धडधाकट होते, पण बॉडीला तडा गेलेला. हेमांगी आणि कृणाल नेमकं तेच बनवायचे. जुने भाग बसतील अशी अ‍ॅल्युमिनियमची नवी बॉडी, आणि खेळणाऱ्याच्या हाताबरहुकूम ग्रिप. गिऱ्हाइकाने मऊ क्ले मुठीत दाबायची, त्या ठशाचं स्कॅन करून हेमांगी डिझाइन करायची.

कृणालने मापायचा व्हर्नियर लावला. "स्कॅनशी सगळं जुळतंय यार. हे बघ. इथे पण."

"मग स्कॅन माझ्या बहिणीचं असेल," तेजल म्हणाली. "मला भाऊच आहेत, ती गोष्ट वेगळी."

हेमांगीने मार्कर आपल्या हातात घेतला. बोटं न शोधता आपापल्या जागी गेली. अंगठा जरा लांब राहिला, आणि तिथे त्याच्यासाठी खळगा होता. बाळंतपणानंतर मुलीला उचलून उचलून हेमांगीचं मनगट धरलं होतं. अंगठा ती असाच दूर ठेवायची. खालच्या दोन बोटांनी तर काही धरलंच नव्हतं, ती नुसती टेकली होती. गेल्या आठवड्यात प्लॅस्टिकचा नमुना तिने असाच धरून पाहिला होता. मस्त बसला होता. केवढा आनंद झाला होता तिला.

आता तिला ती दुपार आठवली.

तेजलच्या ठशाच्या कडा साफ करायला तिने क्ले वाकोल्याला घरी नेली होती. सासूबाई बाजारात गेलेल्या. लेक स्वरदा रडत उठली, तसं तिला डाव्या हातावर घेऊन हेमांगी पाजायला बसली. उजव्या हातात क्ले तशीच राहिली. जाग आली तेव्हा ब्लाउज ओला होता, पोरगी तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती, आणि क्ले हेमांगीच्या मुठीत होती. एवढ्याशा डुलकीत काय होतंय, असं म्हणून तिने दुसऱ्या दिवशी ती स्कॅन केली.

"तेजल, हा माझा हात आहे," ती म्हणाली. मग काय झालं ते सांगितलं.

कृणाल बराच वेळ व्हर्नियर उघडझाप करत राहिला. डिप्लोमाला एका बाकावर बसलेली ही दोघं. गाळाही दोघांनी मिळून घेतलेला. बाळंतपणानंतर ती परत आली तेव्हाच ठरलं होतं, हे एक काम बघू, मग पुढचं.

"अगं, झोप येते तर झोप ना," तो हळू आवाजात म्हणाला. "सहा महिने घरी बस. मी कुठे पळून जातोय? घाटकोपरचा श्यामसुंदर करेल ड्रॉइंग. तो कधीपासून काम विचारतोय."

हेमांगीने मार्कर टेबलावर ठेवला.

"तुमचं नंतर भांडा," तेजल म्हणाली. "गोरेगावला मॅच आहे माझी. तडा गेलेली बॉडी घेऊन जाऊ काय? द्या हाच."

ती गेल्यावर कृणालने मशीन चालू केलं. हेमांगी आपला खण आवरायला लागली. पेन्सिली, कपड्यांचा जोड, चहाचा कप एकेक करून पिशवीत गेलं. दूध काढायचा पंपही तिने पिशवीत टाकला. थोड्या वेळाने तो परत बाहेर काढावा लागला. पडद्यामागे बसून तिने भिंतीला डोकं टेकलं. रडावंसं वाटत होतं, पण त्यालाही अंगात जोर लागतो.

संध्याकाळी तेजल आली ती कोपरापर्यंत रंगलेली. मास्कचा वळ कपाळावर तसाच होता. ती काही बोलायच्या आत कृणाल पुढे झाला.

"सॉरी. नवीन करून देतो. ठसा परत घेऊ."

"हात लावून दाखव याला," तेजल म्हणाली आणि मार्कर छातीशी धरला. "पहिल्या गेमला शिव्या घातल्या तुम्हा दोघांना. दुसऱ्यालाही. तिसऱ्यापर्यंत हात गळून गेले होते. दर वेळी तिथेच माझी पकड सुटते, गोळी भलतीकडे जाते. आज सुटली नाही. हात जिथे जिथे सैल पडत होता ना, तिथे तिथे जागा होती."

हेमांगी पिशवीचा बंद धरून उभी होती.

"पोरींनी घेऊन बघितला," तेजल म्हणाली. "चौघींना असाच हवाय."

कृणालने मार्करकडे पाहिलं. मग भरलेल्या पिशवीकडे, मग हेमांगीकडे. तो थोडा ओशाळला, पण लगेच फडताळातून क्लेचा डबा काढून त्याने टेबलावर ठेवला.

"पाठव त्यांना उद्या सकाळी. हात ताजे असतात, ठसा छान उमटतो."

"सकाळी नको," हेमांगी म्हणाली. "दमून येऊ देत."