तालीमखान्याचा काढा

सासूनं जाताना झाडपाल्याची विद्या धाकट्या संजीवनीला दिली, तेव्हापासून थोरल्या अंबूबाईच्या पोटात दुखत होतं. पायाच्या सुजेवर काढा मागायला पार चिखलीहून लोक यायचे, ते धाकटीकडे. थोरलीनं त्यांना नुसतं पाणी द्यायचं. स्वतःचे पाय सुजले की तिलाही काढा जावेच्याच हातून घ्यावा लागायचा. काढा तसा बेचव, पण तिच्या घशाखाली कडूजहर होऊन उतरायचा.

यंदा तिनं गुपचूप तळ्यापर्यंत जावेचा माग काढला. गाळातला जांभळ्या फुलांचा, काटेरी तालीमखाना धाकटी मुळासकट उपटत होती. तेवढं पाहून अंबूबाई तिच्याआधी घरी येऊन बसली.

संध्याकाळी संजीवनी वाटी घेऊन आली.

"राहू दे. तालीमखान्याचं मूळ ना? आता मीबी उकळीन. येतीन लोक माह्याकडे."

संजीवनीनं वाटी खाली ठेवली. "काय केलं हो बाई हे. सासूबाईनं शपथ घालून सांगितलं होतं, ज्याले झाड कळलं त्याच्या अंगाले मंग ते लागू पडत नाही. तुमच्या पायासाठीच लपवलं होतं म्या."

"थापा नको मारू. मंग तुह्यं काय?"

धाकटीनं साडी घोट्याच्या जरा वर घेतली. दोन्ही पाय टम्म सुजलेले होते. अंबूबाईनं वाकून नीट पाहिले, आपल्या पायांशी ताडून पाहिले.

तिथंही धाकटीच पुढे होती.