जास्तीच्या ओळी

दोन्ही बिल्ड सारखे निघाले नाहीत.

प्यो हेरिमने बुटक्या टेबलावरचा लॅपटॉप म्हाताऱ्याकडे वळवला. "बघा सर. हे लोकांना मिळतं ते तयार पॅकेज आणि हा मी गिटवरच्या मूळ कोडवरून स्वतः बांधलेला बिल्ड. आवृत्ती तीच. निघायला हवेत जुळे भाऊ आणि निघालेत परके."

बोंग गीसॉकने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. नामहे बेटावर, लसणाच्या वावरांमागच्या घरात तो एकटाच राहायचा. क्रेनला टांगलेला कंटेनर किती झुलेल आणि तो कसा आवरायचा, याचं गणित करणारी सॉफ्टवेअर लायब्ररी त्याने लिहिली होती आणि सगळ्या जगाला फुकट मोकळी करून दिली होती. किनाऱ्यावरच्या कितीतरी क्रेन तिच्या भरवशावर चालत. हेरिम जिथे क्रेनचं सॉफ्टवेअर सांभाळायची, त्या बंदरातल्यासुद्धा. बंदरवाले दर वर्षी त्याला मानाने बोलवायचे. तो कधी गेला नव्हता.

"तू चुकून जुना कोड घेतला असशील," तो म्हणाला.

"इथंच करून दाखवते ना!"

तिने त्याच्यासमोर रिकामा फोल्डर उघडला, गिटवरच्या खुल्या कोडसाठ्यातून सगळा कोड पुन्हा उतरवून घेतला, नेमकी तीच आवृत्ती निवडली आणि बिल्ड सुरू केला. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. म्हाताऱ्याने जवाचा चहा ओतला, वाळवलेल्या पर्सिमन फळांची बशी पुढे सरकवली.

"खा. बसमध्ये काही खाल्लं नसशील."

"आमच्या आईपेक्षा तुम्हीच बरे. ती आधी लग्नाचं विचारते, मग जेवणाचं."

तो हसला. बिल्ड संपला. पुन्हा तेच. तिने पॅकेज उलगडून आतला कोड गिटवरच्या कोडशेजारी मांडला. पॅकेजमध्ये एका फाइलीत काही ओळी जास्त होत्या. गिटवर त्यांचा मागमूस नव्हता.

"गिटवरचा तुमचा कोड मी सगळा वाचलाय, सर. त्यात वावगं काही नाही. पण या ओळी बघा. ओझ्याचा आकडा मधेच पकडतात, बदलतात आणि पुढे सोडतात. आकड्यात कुणीतरी हात घालतंय."

गीसॉक पडद्याजवळ वाकला. त्याने त्या ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. त्याचा चेहरा उतरला.

"कधीपासून?" एवढंच त्याने विचारलं.

"जुनी पॅकेजं काढून पाहिली. चार वर्षांपासून प्रत्येकात आहेत."

"म्हणून," तो पुटपुटला.

"म्हणून काय, सर?"

"म्हणून त्याला एवढी हौस." त्याने कप खाली ठेवला. "बारम. नाव तेवढं माहीत आहे. चार वर्षांपूर्वी आपणहून मदतीला आला. डोळे दुखतात तुमचे, पॅकेजं मी बांधत जाईन म्हणाला. मी बांधू दिली. पोराने कधी आवाज ऐकवला नाही की तोंड दाखवलं नाही."

हेरिमला त्याची कीव आली. आपल्या माणसाने दगा दिला की म्हातारी माणसं अशीच एकदम लहान दिसू लागतात.

"आधी त्याला बाहेर काढा, सर. मग सगळ्यांना कळवू."

"काढतो. पण बोभाटा दोन दिवस नको. तो सावध होईल." त्याने स्वतः बारमचे सगळे अधिकार काढून घेतले. "बंदरात तुमचं काय अडलंय?"

"परवा नव्या धक्क्याचं उद्घाटन. क्रेनसमोर डुकराचं मुंडकं मांडून पूजा, तांदळाची दारू माक्कॉली, सगळा थाट. बंदराचे अध्यक्ष स्वतः येणार. त्यांच्यासमोर पहिला भरलेला कंटेनर उचलायचाय आणि मी हे विषारी पॅकेज क्रेनवर चढवू?"

"मुळीच नको. तुझ्या हातचा हा बिल्ड आहे ना, तोच चढव. मूळ कोडवरचा. त्यात कुणाचा हात नाही."

तिच्या जिवात जीव आला. नेमकं हेच त्याच्या तोंडून ऐकायला ती एवढ्या लांब आली होती.

तो तिला बसपर्यंत सोडायला आला. बस दिसल्यावर म्हणाला, "पोरी, उद्घाटनाला तू क्रेनखाली थांबू नकोस हं. समुद्रावरचा वारा वाईट."

"मी वर कंट्रोल रूममध्ये असते, सर. खाली मिरवायला मोठी माणसं आहेत."

"बरं झालं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने रिकामा कंटेनर उचलून चाचणी घेतली. तो पाळण्यासारखा अलगद उतरला. तिने गीसॉकला तसा निरोप पाठवला. त्याने 'शाबास' असं उत्तर दिलं.

उद्घाटनाच्या सकाळी गीसॉक वावरात लसूण लावत होता. फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"बाबा, मी सोलबी."

बंदरावर मेलेल्या मुलाच्या अंत्यविधीनंतर बापलेकीचं बोलणं नव्हतं. तो मातीत तसाच बसून राहिला.

"बारमला तुम्ही काढलंत ना? तो बारम म्हणजे मीच, बाबा. त्या बंदरातला भरलेला कंटेनर आवरता येऊ नये म्हणून तुम्ही कोडमध्ये काय पेरून ठेवलंय, ते मला तेव्हाच दिसलं होतं. प्रत्येक पॅकेजमध्ये जास्तीच्या ओळी घालून मी ते निकामी करत आले. पोलिसांत कशी जाणार होते? मला तुमच्याशिवाय उरलंय कोण?" तिला धाप लागली होती. "बंदरावर कुणी फोन उचलत नाहीये. मूळ कोडवरचा बिल्ड चढवला का त्यांनी? बाबा, बोला ना!"

गीसॉकने बोटांची माती झटकली.

"तुझ्या दादाला ज्यांनी क्रेनखाली उभं केलं होतं," तो म्हणाला, "ते आज स्वतः उभे आहेत."