खऱ्या आईची खूण

“जन्मतारीख?” विमानतळावरच्या अधिकारीबाईंनी विचारलं.

“सतरा... नाही, एकोणीस. थांबा हं, सतरा याच्या बापाची.” बाईनं चार वर्षांचं धूड एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. “भुंग्या, बाही चघळू नकोस! अगं बाई, भुंग्या म्हणजे याचा थोरला भाऊ. जिभेला तेच वळण पडलंय.”

मागे रांगेत हशा पिकला. दाखल्यावर एकोणीसच तारीख होती. अधिकारीबाईंनी दाखल्यावरच्या नावानं हाक मारली, पण स्वारीनं ढुंकूनही पाहिलं नाही. बाईच्या स्वेटरची बाही काही तोंडातून सुटली नाही.

“जा, पळा,” त्या हसून म्हणाल्या. “विमान चुकेल.”

लहान मुलांना फोटोचं ओळखपत्र लागत नसे. जन्मदाखला आणि सोबतच्या मोठ्या माणसाचं ओळखपत्र असलं की झालं. पण दाखल्यावर चेहरा कुठे असतो? म्हणून अधिकारीबाई प्रश्न विचारत. अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक खूण धरली होती: खरी आई चुकते. तारखांचा घोळ घालते, एकाला हाक मारताना दुसऱ्याचं नाव घेते. धडाधड उत्तरं देते, ती पढवलेली.

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचा मुलगा परदेशात होता. एका वर्षी त्याच्या वाढदिवसाचा फोन त्यांनी दुसऱ्या दिवशी केला. तो हसला होता, पण पुढे त्याचेच फोन कमी होत गेले. घरी त्या एकट्याच. दिवसभरात काय बोलणं व्हायचं ते या टेबलापाशी, आणि हे त्यांना फार बोचायचं.

पुढची बाई नीटनेटकी होती. सोबत सात वर्षांची मुलगी. दोघींच्या मधून एक माणूस आरामात गेला असता.

“जन्मतारीख?”

“चार मार्च. पहाटे पाच चाळीस. वजन दोन किलो सातशे.”

वजन कुणी विचारलंच नव्हतं.

“पहिला दात कधी आला?”

“सातव्या महिन्यात. खालचा, डावीकडचा.”

“अंगावर काही खूण?”

“उजव्या कोपराला तीन टाके. पाळण्यातून पडली होती.”

अधिकारीबाई मुलीकडे वाकल्या. “या कोण गं तुझ्या?”

मुलगी खाली बघत पुटपुटली, “यांना आई म्हणायचंय.”

अधिकारीबाईंनी दोघींना बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं.

“अहो, खरंच आई आहे मी,” बाई काकुळतीला आली. तिनं कोर्टाचा कागद पुढे केला. “आज संध्याकाळी हिला घेऊन तिथल्या कोर्टात हजर राहायचंय. नाही पोचले, तर ही परत वडिलांकडे जाईल.”

“कागद काय, कुणीही करून आणतं. खात्री झाल्याशिवाय सोडता येणार नाही.”

कोर्टाचा फोन लागेना. लागला तर उचलणारा साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. काचेपलीकडे विमान हललं, वळलं, दिसेनासं झालं. बाई रडली नाही, नुसती बसून राहिली. मुलीनं मात्र हळूच खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

पाऊण तासानं कोर्टातून उत्तर आलं. सगळं खरं होतं.

“एवढं सगळं पाठ कसं हो तुम्हाला?” अधिकारीबाईंनी विचारलं.

“चार वर्षं भेटू दिलं नाही मला. हिची दवाखान्याची फाइल तेवढी माझ्याकडे राहिली होती. तीच वाचायचे. दुसरं होतं काय घरात?”

अधिकारीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या स्वतः धावत विमान कंपनीच्या काउंटरवर गेल्या, हातापाया पडून पुढच्या विमानात दोन जागा मिळवल्या. संध्याकाळच्या आत पोचतील, जेमतेम का होईना. जाताना त्यांनी बाईचे दोन्ही हात धरले आणि माफी मागितली.

परत येऊन टेबलाशी टेकतात न टेकतात तोच एक पोलीस आला. त्याच्यामागे एक तरुण बाई होती, पायांत घरातल्याच चपला. ‘हा मुलगा पाहिलात का?’ म्हणत तिनं मोबाइल पुढे केला. फोटो अधिकारीबाईंनी लगेच ओळखला.

“हा ना? हा मघाशीच गेला की आईबरोबर,” त्या म्हणाल्या. “धाकटा. का हो, थोरला सापडत नाहीये का?”

“थोरला कुठला?” तरुण बाई म्हणाली. “त्याची आई मी. मला हा एकच आहे.”