तीन सेल

"भाऊजी, ही दोन टोकं जरा दाबून धरता? मला काही तिसरा हात नाही."

थोरल्या दिराने वर्कशॉपच्या टेबलावरून मान वर केली. भावजयीने त्याच्याच टॉर्चमधले तीन सेल काढून पुठ्ठ्यात एकामागे एक घट्ट गुंडाळले होते. दोन्ही बाजूंनी वायरी निघाल्या होत्या. शेजारी तिच्या नवऱ्याचा जुना, बटणांचा फोन उघडा पडला होता. त्याची बॅटरी फुगून बाद झाली होती आणि तसली आता बाजारात मिळत नव्हती.

"कशाला हा खटाटोप?"

"तुमच्या भावाचे फोटो आहेत त्यात. आईंना बघायचेत."

सासूबाई दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. आईसमोर नाही कसं म्हणणार? दिराने वायरींची टोकं फोनच्या पितळी पट्ट्यांवर दाबली.

तिचा नवरा दिराने घेतलेल्या कामावर लिफ्ट दुरुस्त करताना शॉक लागून गेला होता. तेव्हापासून दीर येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगे, "मी फोनवर बजावलं होतं, मेन बंद कर म्हणून. ऐकेल तर शपथ! स्वतःच्या हाताने मेला." अलीकडे सासूबाईही तेच बोलायला लागल्या होत्या. ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण ती कप विसळत राही.

सांगितलेलं काम नवऱ्याच्या डोक्यात राहत नसे. म्हणून कामाचा प्रत्येक फोन तो रेकॉर्ड करून ठेवी. हे घरात फक्त तिला माहीत होतं.

स्क्रीन उजळली. तिने शांतपणे बटणं दाबली.

"मेन बंद केलास तर बघ! वर सगळी माणसं खोळंबलीत. चालू लायनीवरच काम कर, नखरे करू नकोस," फोनमधून दिराचा आवाज आला.

मग नवऱ्याचा. "बरं, दादा."

दिराचा अंगठा पट्टीवरून जरा सरकला. स्क्रीन लुकलुकली. बोट उचललं असतं तर फोन तिथेच बंद पडला असता, आणि ते आईने पाहिलं असतं.

"सोडू नका हं, भाऊजी," ती म्हणाली.

खरं तर घरी तिने वायरींची टोकं चिकटपट्टीने चिकटवून हे आधीच ऐकलं होतं. धरायला कुणाचा हात लागला नव्हता. पण तेवढ्याने तिचं समाधान होणार नव्हतं.

सासूबाई स्टुलावरून उठून टेबलाशी आल्या. त्यांनी लेकाकडे पाहिलंच नाही. त्याच्या बोटांवर आपला हात ठेवून त्यांनी ती खाली दाबली.

"परत लाव गं," त्या सुनेला म्हणाल्या.