ठकूचे ठोकळे

"मी बसते तिला घेऊन," असं म्हणत आजी त्या बंद खोलीतल्या खुर्चीवर जाऊन बसल्यासुद्धा. चार वर्षांची ठकू त्यांच्या मांडीवर चढली आणि त्यांच्या छातीला पाठ टेकून निवांत झाली.

कान तपासणाऱ्या बाईंनी ठकूच्या आईकडे पाहिलं. "बसू दे त्यांना," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती बिचारी? 'बिचारी' हा शब्द आजींचा नव्हे, हे सांगायला नको.

आजींच्या मते सुनेला दोनच गोष्टी छान जमत. घाबरणं आणि घाबरवणं. ठकूला शिंक आली की डॉक्टर, उचकी लागली की डॉक्टर. आता म्हणे पोरीच्या कानांच्या पडद्यामागे पाणी साठलंय. पडद्याला बारीकसं भोक पाडून त्यात तांदळाच्या दाण्याहून लहान नळी बसवायची, म्हणजे आत हवा खेळेल आणि पाणी निघून जाईल.

"कान आहे की मोरी?" आजी तेव्हा म्हणाल्या होत्या. आणि वर त्यांनी हुं केलं होतं.

हा हुंकार घरात सगळ्यांच्या परिचयाचा होता. ओठ मिटलेले, आवाज थेट छातीतून, आणि नजर ज्याची लायकी काढायची त्याच्यावर. सुनेचे माहेरचे, शेजारीण, टीव्हीवर बातम्या देणारा, सगळ्यांना त्या एवढ्यातच निकालात काढत.

सून मात्र या खेपेला मागे हटत नव्हती. हाक मारली तरी ठकू वळत नाही, शब्द अर्धेमुर्धे बोलते, असं पाळणाघरातल्या बाई केव्हापासून सांगत होत्या. मध्यंतरी मागून एक सायकलवाला घंटी वाजवत आला आणि ही रस्त्यात तशीच उभी. गुडघा फुटला, तेवढ्यावर निभावलं. "पुढच्या वेळी सायकलच असेल असं नाही," सून म्हणाली होती आणि रडली होती. रडणाऱ्या माणसांचा आजींना भारी तिटकारा.

"माझ्या मांडीवर असते तेव्हा बरं सगळं कळतं तिला," त्यांनी सुनावलं होतं. "तुझं ऐकावंसं वाटत नाही तिला, एवढंच."

मुलाने नेहमीप्रमाणे मधला मार्ग काढला, म्हणजे आईच्या बाजूचा. डॉक्टरांनी नळ्या घालायला मंगळवार दिला होता. त्याआधीच्या चाचणीत ठकूला नीट ऐकू आलं तर मंगळवार रद्द, आणि पुन्हा घरात हा विषय निघणार नाही, असं त्याने जाहीर करून टाकलं.

बाईंनी ठकूच्या कानांवर हेडफोन चढवले. समोर ठोकळ्यांचा ढीग आणि रिकामा डबा ठेवला. आवाज आला की ठोकळा डब्यात, हे हातांनी करून दाखवलं.

"आजी, मध्ये बोलायचं नाही हं."

"मला शिकवताय? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा. हेडफोन लावूनच म्हातारी झाले. दिवा लागला की पिन भोकात. वायफळ एक शब्द नाही."

बाई हसल्या, दार लावून जाड काचेपलीकडे आपल्या यंत्रापाशी जाऊन बसल्या. सून त्यांच्यामागे पर्सचा पट्टा पिळत उभी राहिली.

बाईंनी बटण दाबलं की यंत्रावर लाल दिवा लागायचा. तो आतून दिसू नये अशी बेतानं सोय केलेली होती. पण दिवे टिपण्यात हयात घालवलेल्या आजींना तो काचेच्या कडेला चमकताना बरोबर दिसला. बघ, म्हणून त्यांनी सुनेला एक हुं पाठवलं, तोवर ठोकळा डब्यात पडलासुद्धा.

पुन्हा दिवा. पुन्हा हुं, पुन्हा ठोकळा. बोलायचं नाही असं ठरलं होतं खरं, पण हुं म्हणजे काही बोलणं नव्हे.

बाई आवाज कमी कमी करत गेल्या. ठकू एकदाही चुकली नाही. सुनेचा चेहरा पार उतरला. तिच्या आईला संध्याकाळी स्वतःच फोन करावा, असं आजींनी ठरवलं. लेकीला काय काय शिकवून पाठवलंत, म्हणून विचारावं.

मध्येच बाई आत आल्या, खुर्चीमागे वाकून काहीतरी खटपट केली आणि ठकूचा गालगुच्चा घेतला. "आता अगदी बारीक आवाज देते."

"द्या की. मुंगीच्या पावलांचा द्या."

दुसरा डाव सुरू झाला. दिवा लागत होता, आजी मनसोक्त हुंकारत होत्या, ठोकळे पडत होते. डबा भरत आला तशा बाई उठल्या आणि सुनेला घेऊन आत आल्या.

"झालं?" आजींनी विचारलं. "पास ना पोर?"

"एकही ठोकळा चुकला नाही."

"ऐकलंस?" आजी सुनेला म्हणाल्या. "आता मुकाट्याने मंगळवार रद्द कर. आणि यापुढे डॉक्टरकडे जायचं तर स्वतःचं डोकं दाखवायला जा."

सून आजींच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होती. म्हणून आजींनीही मान वळवली.

हेडफोनची वायर खुंटीवर गुंडाळून ठेवलेली होती. पिन भोकात नव्हती.

"दुसऱ्या डावाआधी मीच काढली," बाई म्हणाल्या. "पहिल्या डावातले शेवटचे आवाज चांगल्या कानांनासुद्धा ऐकू येत नाहीत. म्हटलं, बघू तरी ही कशावर ठोकळे टाकते."

"आई," सून म्हणाली, "मंगळवारी..."

पुढचं ऐकून घ्यायला आजी थांबल्याच नाहीत. ओठ मिटले, नजर सुनेवर गेली आणि सवयीप्रमाणे छातीतून हुं निघालं.

मांडीवरच्या ठकूने उरलेला ठोकळा उचलला आणि डब्यात टाकला.